घंटेआधीची तयारी : न्यू इंग्लिश स्कूलचा प्रवास, मुख्याध्यापकांच्या टेबलावरून

न्यू इंग्लिश स्कूलचे नाव काढले की विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे तिघे आधी डोळ्यांपुढे उभे राहतात. ही माणसे एवढी मोठी की त्यांच्या मागे शाळा झाकली जाते. टिळकांनी गणिताच्या तासाला कोणत्या वर्गावर जायचे हे कुणी ठरवले, मुले हजारावर गेली तेव्हा तुकड्या कुणी पाडल्या, संस्कृतच्या तासाला हाताशी पुस्तक नव्हते तेव्हा ते कुणी लिहिले, हे फारसे कुणी विचारत नाही. माझी स्वतःची सगळी नोकरी वर्गात आणि शिक्षकखोलीत गेली. त्यामुळे संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम स्मरणिकेसाठी माझ्याकडे आले, तेव्हा तो मुख्याध्यापकांच्या टेबलावरून पाहायचा असे मी ठरवले. जानेवारी २०३० मध्ये शाळेला दीडशे वर्षे पूर्ण होतील. एवढा काळ शाळा उभी राहते ती रोजच्या बारीक कामावर, आणि ते काम करणाऱ्यांचा मान या निमित्ताने त्यांना मिळावा एवढीच माझी इच्छा आहे.

पूर्वपीठिका : १८४८ ते १८७९

शिकवणे हे शिकावे लागते, हे पुण्याला लवकर कळले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते. शिक्षिका आणि मुख्याध्यापिका अशी दोन्ही कामे त्यांनी केली, आणि तीही अंगावर शेण-दगड झेलत. पुण्यातल्या कोणत्याही शाळेचा इतिहास त्यांना वंदन करूनच सुरू व्हायला हवा.

दुसरा धागा पुणे ट्रेनिंग कॉलेजचा. मराठी शाळांचे शिक्षक तयार करणाऱ्या या संस्थेचे कृष्णशास्त्री चिपळूणकर प्राचार्य होते. शिक्षकांसाठी निघणारे ‘शालापत्रक’ त्यांच्या देखरेखीखाली चाले. खेड्यातल्या एकट्या पंतोजीला कोणता विषय कसा मांडावा हे सांगणारे, त्याच्यापर्यंत टपालाने पोचणारे दुसरे साधन त्या काळी फारसे नव्हते. पुढे या पत्राचे संपादन त्यांच्या मुलाने, म्हणजे विष्णुशास्त्र्यांनी केले. १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद पडले. तोवर ‘निबंधमाला’ सुरू झाली होती आणि विष्णुशास्त्र्यांची लेखणी महाराष्ट्राच्या ओळखीची झाली होती. त्यांना आपण निबंधकार म्हणून ओळखतो. पण शिक्षकांना शिकवणारा बाप आणि शिक्षकांसाठी निघणारे मासिक अशा घरात ते वाढले, ही गोष्ट मला शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. सरकारी शाळांत शिक्षक म्हणून काम केलेल्या विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये रत्नागिरीची नोकरी सोडली, ती स्वतःची शाळा काढायचे मनात धरून.

पहिले दशक : १८८० ते १८९०

१८८० च्या जानेवारीच्या आरंभी बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात शाळा भरली. विष्णुशास्त्री, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी हे तिघे सुरुवातीला होते. आगरकर एम.ए.ची परीक्षा आटोपून १८८१ मध्ये येऊन मिळाले. पहिल्या वर्षी विष्णुशास्त्री आणि टिळक यांनी पगार घेतला नाही. सुरुवातीला मूठभर मुले होती. वर्ष संपता संपता संख्या तीनशेवर गेली आणि पाच वर्षांत हजाराचा आकडा ओलांडला.

हे आकडे अभिमानाने सांगितले जातात आणि ते सांगावेतच. पण ज्याने शाळा चालवली आहे त्याच्या पोटात हे वाचून गोळा येतो. पाच वर्षांत हजार मुले म्हणजे दरवर्षी नव्या तुकड्या, नव्या खोल्या आणि विशी-पंचविशीतले नवे शिक्षक. देशप्रेमाने भारलेला पदवीधर उत्तम शिक्षक होईलच असे नाही. त्याला कोणता वर्ग द्यायचा, किती तास द्यायचे, पुस्तकाचा कोणता भाग कधी संपवायचा, हे सांगणारे कुणीतरी लागते. शाळेला ते माणूस पहिल्याच वर्षी मिळाले. त्यांचे नाव वामन शिवराम आपटे.

आपट्यांची गोष्ट इथे थोडी विस्ताराने सांगते. त्यांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानात, बांद्याजवळच्या असोलोपाल गावी झाला. घर सुखवस्तू होते. वडील एका स्नेह्याला जामीन राहिले आणि सारे गेले. वामन आठ वर्षांचा असताना वडीलही गेले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला आली. तिथे पुढे आई आणि थोरला भाऊ दोघेही वारले. या पोरक्या मुलाला हात दिला तो त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांनी, महादेव मोरेश्वर कुंटे यांनी. मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली आणि त्याचे शिक्षण अडू दिले नाही. वामन १८७३ मध्ये जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्याकडे संस्कृत शिकला आणि १८७९ मध्ये गणित घेऊन एम.ए. झाला. एका हेडमास्तरांनी सावरलेला हा मुलगा थोड्याच दिवसांत न्यू इंग्लिश स्कूलचा सुपरिंटेंडेंट झाला. शाळेची शिस्त त्यांनी बसवली, असे त्या काळच्या माणसांनी नोंदवले आहे.

शिस्त म्हटले की आपल्याला छडी आठवते. पण मोठ्या शाळेत शिस्तीचा खरा अर्थ ठरलेपणा असा आहे. तास ठरल्या वेळी सुरू होतो, शिक्षक वर्गावर असतो, गेल्या तासाला कुठे थांबलो हे त्याला आणि मुलांना माहीत असते. या ठरलेपणाची कसोटी १८८२ साली लागली. त्या वर्षी १७ मार्चला विष्णुशास्त्री बत्तिसाव्या वर्षी गेले. शाळा उभी करणारा माणूसच नाहीसा झाला. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवसांनी ऑक्टोबरअखेर परतले. आठ महिन्यांच्या आत शाळेच्या वेळापत्रकातली तीन मोठी नावे रिकामी झाली, आणि तरीही शाळा चालू राहिली. आपटे तेव्हा चोवीस वर्षांचे होते. टिळक-आगरकर सुटून आल्यावर पुणेकरांनी त्यांचे केवढे स्वागत केले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या १०१ दिवसांत गणिताचे आणि इंग्रजीचे तास चालू ठेवणाऱ्या सहकाऱ्यांचे स्वागत कुणी केल्याचे वाचनात नाही. ते या पानावर करते.

त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला, आणि सर विल्यम हंटर यांनी शाळा पाहून तिची प्रशंसा केली. याच आयोगापुढे महात्मा फुले यांनीही आपले निवेदन मांडले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि शेतकऱ्यांची मुले शिक्षणावाचून राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळांना शिकवण्याचे शिक्षण घेतलेले, शेतकरी वर्गातूनच आलेले शिक्षक द्या, त्यांना नीट पगार द्या, अशी त्यांची मागणी होती. आमच्या शाळेच्या गौरवाच्या वर्षीच ती केली गेली, हे विसरून इतिहास लिहिता येणार नाही. चांगला शिक्षक तयार करावा लागतो आणि त्याला पोटापुरते द्यावे लागते, हे फुले यांचे म्हणणे प्रत्येक शाळेला लागू होते.

या दशकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे शिक्षकांनी लिहिलेली पुस्तके. आज आपण पाठाचे टाचण म्हणतो ते या मंडळींनी ग्रंथरूपाने केले. संस्कृत वाक्यरचना शिकवायला सोयीचे पुस्तक हवे, म्हणून आपट्यांनी १८८१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक लिहिले. धडा, नियम, उदाहरणे, मग भाषांतरासाठी वाक्ये. रोजचा तास कसा जावा याचा तो आराखडाच आहे. दीडशे वर्षे होत आली तरी ते छापले जाते आणि वापरले जाते. १८८४ मध्ये त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश आला, १८९० मध्ये संस्कृत-इंग्रजी. आगरकरांनी मराठी वाक्यांचे पृथक्करण कसे करावे यावर ‘वाक्यमीमांसा’ लिहिली (१८८८). ‘सुधारक’कार आगरकर सगळ्यांना माहीत आहेत; कर्ता-कर्म-क्रियापद मुलांना नीट कळावे म्हणून कष्ट घेणारे आगरकर फार थोड्यांना. १८८५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले शिक्षक म्हणून आले. त्यांनी सहकाऱ्याच्या मदतीने अंकगणिताचे पुस्तक केले आणि ते पुढे किती तरी शाळांत लागले. वर्गात अडले, म्हणून लिहिले आणि लिहिलेले सहकाऱ्याच्या हाती दिले, अशी ती रीत होती. नव्या शिक्षकाला आधार देण्याचा याहून टिकाऊ मार्ग मला माहीत नाही.

गोखल्यांबद्दल आणखी एक. ते इंग्रजी शिकवत, गणित शिकवत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवत. मागाल त्या विषयाचे प्राध्यापक, अशी त्यांची ख्याती झाली होती. ज्यांनी कधी सकाळी साडेदहाला बदली तासांची वही हातात धरली आहे त्यांना अशा सहकाऱ्याची किंमत कळेल.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि नारायण कृष्ण धारप हे पहिले आजीव सदस्य. वीस वर्षे सेवेची, बेताच्या वेतनावर, बाहेरच्या कमाईकडे न पाहता, अशी प्रतिज्ञा होती. २ जानेवारी १८८५ ला गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले आणि आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले. कॉलेजला नाव गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे; त्यांनी बाराशे रुपयांची देणगी दिली होती.

आजीव सदस्यांची ही पद्धत शाळेच्या दृष्टीनेही फार हिताची ठरली. संस्था चालवणारे आणि वर्गात उभे राहणारे तेच. वेळापत्रक करणाऱ्यालाही त्याच वेळापत्रकात तास असत. त्यामुळे शेवटच्या तासाला मुले किती दमलेली असतात, हे कुणाला अर्ज करून सांगावे लागत नसे.

दुसरे दशक : १८९० ते १९००

दशकाच्या आरंभी संस्थेच्या धोरणांविषयी कार्यकर्त्यांत मतभिन्नता झाली आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी संस्थेचा निरोप घेतला. दोन्ही बाजूंची माणसे ध्येयनिष्ठ होती आणि दोन्हींनी पुढे महाराष्ट्राला भरभरून दिले. त्याहून अधिक इथे लिहिण्याची गरज वाटत नाही. टिळकांच्या गणिताच्या तासांसाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले, हे मात्र सांगायला हवे. पुढच्या महर्षींनी संस्थेत १९१४ पर्यंत गणित शिकवले.

९ ऑगस्ट १८९२ रोजी आपटे गेले. वय अवघे चौतीस. प्राचार्यपद आगरकरांकडे आले आणि तीनच वर्षांत, १७ जून १८९५ रोजी, तेही गेले. चिपळूणकर, आपटे, आगरकर या तिघांपैकी एकानेही चाळिशी पाहिली नाही. त्यांच्यानंतर गोळे यांनी धुरा सांभाळली.

१८९७ साली प्लेग आला. पेठा ओस पडल्या, घरे बंद झाली, माणसे गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली. साथ पुढची अनेक वर्षे फिरफिरून येत राहिली. सत्र मध्येच तुटायचे, मुले परत येत ती सगळे विसरून, काही येतच नसत. वर्षभराचे नियोजन करून ठेवणाऱ्याला ते दर वेळी नव्याने मांडावे लागले असणार. तरीही १८९९ मध्ये संस्थेने पुण्यात नवीन मराठी शाळा आणि साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. नवीन मराठी शाळेमुळे पायाचे शिक्षण आणि वरचे शिक्षण एकाच संस्थेत आले, आणि वरच्या शाळेत येणारे मूल काय शिकून आले आहे हे शिक्षकाला शेजारी जाऊन विचारता येऊ लागले.

१९०० ते १९२०

१९०२ मध्ये गोखल्यांनी कॉलेजचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. ते १९२० पर्यंत त्या पदावर होते. शाळा दीर्घकाळ नाना वाड्यात भरत होती. नाना फडणवीसांच्या त्या वाड्यातले सुरूचे खांब आणि लाकडी जिने आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या घरांत तीन पिढ्या सांगितले जात आले आहेत. शनिवार पेठेतली रमणबाग आणि टिळक रस्ता ही नावे पुढे शाळेला जोडली गेली.

शिक्षकांच्या तयारीच्या दृष्टीने या काळातला मोठा बदल म्हणजे १९०६ साली मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी निघालेले ट्रेनिंग कॉलेज. तिथून आलेल्या शिक्षकाबरोबर हर्बार्टची पंचपदी पुण्याच्या वर्गांत आली. प्रस्तावना, विवेचन, तुलना, नियम, उपयोजन. मुलांना काय येते ते आधी विचारायचे आणि मगच नव्याला हात घालायचा, हा त्यातला गाभा. पुढे तिचा साचा झाला आणि पाचही पायऱ्या पस्तीस मिनिटांत उरकण्याची शर्यत लागली, हे खरे. पण पाठांतर घेण्यालाच शिकवणे समजणाऱ्या काळात या पद्धतीने शिक्षकाला तासाआधी विचार करायला लावले. टाचणवही आपल्या शाळांत रुजली ती याच वाटेने.

१९२० ते १९५०

या तीस वर्षांत शाळा मराठी झाली. इतिहास, भूगोल, मग गणित आणि शास्त्र असे विषय एकेक करून इंग्रजीतून मातृभाषेत आले. ज्या शाळेच्या नावातच इंग्लिश आहे तिच्या शिक्षकांनी समभुज, काटकोन, घनता, उत्कलनबिंदू हे शब्द फळ्यावर पक्के केले. स्वतः इंग्रजीतून शिकलेल्या शिक्षकाला मराठीतून शिकवताना प्रत्येक पाठ नव्याने बांधावा लागतो. त्या पिढीने तो बांधला आणि त्याचा कधी गवगवा केला नाही.

१९३९ मध्ये संस्थेने मुलींसाठी अहिल्यादेवी हायस्कूल सुरू केले. १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले होतेच. १९४३ मध्ये पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय आले. आणि १९४१ साली शिक्षण प्रसारक मंडळीने टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन काढले. ती आपली भगिनी संस्था. पण तिचा उल्लेख कृतज्ञतेने करायला हवा. पुण्यातल्या शिक्षकाला बी.टी. घरी राहून करता येऊ लागले, आणि पाठ घ्यायला येणाऱ्या छात्राध्यापकांमुळे शाळांचेही भले झाले. वर्गाच्या मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसले आहे, याची शिक्षकांना आणि मुलांना सवय झाली.

१९५० ते १९८०

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि शनिवार-नारायण पेठांत पाणी शिरले. ज्यांनी तो दिवस पाहिला ते वर्षांची मोजणी पुराआधी आणि पुरानंतर अशीच करत. शिक्षकांचीच घरे वाहून गेली होती. मुलांना वह्या-पुस्तके देण्यापासून सुरुवात करायची होती.

१९६४ मध्ये पुण्यात राज्य शिक्षण संस्था स्थापन झाली. २७ जानेवारी १९६७ ला बालभारती आली. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक झाले आणि शाळेने स्वतः पुस्तके निवडण्याचा काळ संपला. याच सुमारास टाचणाच्या वहीत नवे शब्द आले : उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. ब्लूम यांच्या विचारातून आलेली ही भाषा जुन्या शिक्षकांना जड गेली. शहाण्या मुख्याध्यापकांनी तिचे साधे मराठी केले : या तासानंतर मुलाला काय करता आले पाहिजे, तेवढे एका ओळीत लिहा. १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. एक वर्ष कमी झाले आणि नवे गणित व विज्ञान आले. त्या दोन-तीन वर्षांत शिक्षकांनी सुट्टीतल्या वर्गांत पुन्हा विद्यार्थी होऊन संच, सारणी आणि आलेख शिकून घेतले.

१९८० ते २०१०

१९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी खासगी शाळांतल्या शिक्षकाच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण दिले. १९८४ मध्ये राज्य शिक्षण संस्थेची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली. कुमठेकर रस्त्यावरची ती इमारत पुण्याच्या शिक्षकांना सेवांतर्गत प्रशिक्षणांमुळे चांगली माहीत आहे.

याच काळात मी पुण्यातल्या एका दुसऱ्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तिथला अनुभव इथे लिहिते, कारण या काळातल्या चांगल्या मुख्याध्यापकांचे काम त्यातून कळेल. मला सातवीची साठ मुलांची तुकडी मिळाली होती. मधल्या सुट्टीनंतरचा तास म्हणजे दहा मिनिटे गोंगाट. माझे टाचण मात्र सुरेख होते, मार्गदर्शिकेतून उतरवलेले. आमच्या मोठ्या बाई एके दिवशी मागच्या बाकावर येऊन बसल्या, तास संपल्यावर काही न बोलता गेल्या. संध्याकाळी बोलावून त्यांनी चहा दिला आणि विचारले, “खिडकीच्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येते का?” मला सांगता आले नाही. “उद्याच्या टाचणात एवढेच लिही. तीन मुलांची नावे आणि त्यांना काय अडते ते.”

दुसरी गोष्ट त्यांनी गोंगाटाबद्दल सांगितली. मुले वर्गात येण्याआधी फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेव. ज्याला बसायला जागा मिळेल त्याने ते सोडवायला लागायचे, हजेरी नंतर. वह्या वाटायला रांगेतल्या पहिल्या मुलाकडे गठ्ठा दे, प्रत्येकाकडे जाऊ नकोस. साठ वह्या एका रात्री तपासत बसू नकोस, रोज बारा तपास, पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा येऊन बसल्या. लॉगबुकमध्ये त्यांनी चार ओळी लिहिल्या, त्यातल्या तीन चांगल्या होत्या आणि चौथीत पुढच्या महिन्यात काय करायचे ते. ते पान मी आजही जपून ठेवले आहे. अशा बाई आणि असे सर पुण्याच्या शाळाशाळांत होते. त्यांची तैलचित्रे कुठे लागली नाहीत, पण त्यांच्या हाताखाली शिक्षकांच्या पिढ्या घडल्या.

मोठ्या शाळांत दोन अधिवेशने झाली, सकाळचे आणि दुपारचे, आणि मुख्याध्यापकांच्या जोडीला उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक आले. पाठ निरीक्षणाचा मोठा भार पर्यवेक्षकांनी उचलला. विषयवार शिक्षकांच्या बैठका, घटक नियोजन, संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, पाहून प्रश्नपत्रिका काढणे, या सगळ्यांत त्यांचे कष्ट आहेत. नव्वदीत किमान अध्ययन क्षमतांचा अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक मुलाला किमान काय यायलाच हवे, हा प्रश्न सरकारी कागदावरही आला.

२०१० पासून आजपर्यंत

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. आकारिक नोंदी, वर्णनात्मक नोंदी, प्रकल्प, उपक्रम. पहिली दोन वर्षे शिक्षक नोंदींच्या ओझ्याखाली वाकले. साठ मुलांच्या आठ विषयांच्या नोंदी लिहायच्या तर शिकवायचे कधी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि आजही पुरता सुटलेला नाही. ज्या शाळांत मुख्याध्यापकांनी रोज पाचच मुलांचे निरीक्षण लिहा असे ठरवून दिले, तिथे नोंदी खऱ्या राहिल्या. बाकी ठिकाणी एकच वाक्य खालीवर फिरले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पन्नाशीतल्या शिक्षकांनी घरातल्या मुलाकडून मोबाइलवर वर्ग भरवायला शिकून घेतले. पस्तीस मिनिटांचा पाठ वीस मिनिटांत बसवायचा, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत कार्यपत्रिका पोचवायची, आणि हे सगळे सहकारी आपापल्या घरी एकेकटे करत असताना त्यांना रोज संध्याकाळी फोन करून धीर द्यायचा. प्लेगच्या वर्षांनंतर मुख्याध्यापकांची एवढी परीक्षा कधी झाली नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा मुले बाकावर सलग बसण्याची सवयच विसरली होती. पहिले काही आठवडे पुस्तक बाजूला ठेवून परिपाठ, वाचन आणि रांग यांवर घालवणाऱ्या शाळांनी शहाणपण केले.

नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला आणि मुख्याध्यापकालाही वर्षाला किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. मुख्याध्यापकालाही, हे त्यातले मला आवडलेले. टाचण आता संगणकावर लिहिता येते, तयार पाठ फोनवर मिळतात, फळ्याशेजारी पडदा आला. मार्गदर्शिकेतून उतरवण्याचा मोह त्यामुळे वाढला आहे, कमी झालेला नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे नाव कोणत्याही तयार पाठात नसते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत आज हजारो मुले शिकतात. संस्थापकांपासून शिपाईमामांपर्यंत ज्यांनी ज्यांनी हा डोलारा पेलला त्या सर्वांची नावे देणे शक्य नाही. त्यांनी ते मागितलेही नसते. पुण्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेत सकाळी घंटेच्या अर्धा तास आधी गेलात तर एक दृश्य अजून दिसेल. मुख्याध्यापकांच्या टेबलावर रजेचे अर्ज असतात. शेजारी बदली तासांची वही उघडी असते. आठवी ‘ब’ चा तिसरा तास रिकामा आहे. नव्या, पहिल्याच वर्षाच्या शिक्षिकेला आज तिथे पाठवायचे की नको, यावर पर्यवेक्षकांशी हळू आवाजात बोलणे चालते. मग त्या तासापुढे मुख्याध्यापिका स्वतःचे नाव लिहितात, खडूचा तुकडा उचलतात आणि आठवीच्या गणिताचे पुस्तक मागवतात.